पहिली वेलांटीमुक्त लिंबसावळी

लिंबसावळी ग्रामपंचायतीचा एकुलता एक संगणक गेल्या फाल्गुनापासून एकाच देहात दोन प्रणाली वागवतो. एक जुनी, एक नवी. असे का करावे लागले याबद्दल गावात आणि नांदूरघाटच्या बाजारात पुष्कळ उलटसुलट बोलले जाते. मी सदर ग्रामपंचायतीची संगणकचालक आहे आणि दोन्ही प्रणाली माझ्याच हाताने बसल्या आहेत. तेव्हा घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजते. कोणावर आरोप करण्याचा हेतू नाही. आरोपासाठी वेगळा अर्ज आहे.

वरच्या कार्यालयाकडून एकाच दिवशी दोन पत्रे आली. पहिल्यात म्हटले होते, की जुनी प्रणाली असुरक्षित ठरल्याने सात दिवसांत काढून टाकावी व नवी बसवावी. दुसऱ्यात म्हटले होते, की जुन्या प्रणालीतील गावाची एकही नोंद नष्ट झाल्यास संबंधितावर कारवाई होईल. गावाच्या सगळ्या नोंदी, जन्म-मृत्यूपासून नळजोडणीपर्यंत, एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या आणि तो फॉन्ट फक्त जुन्या प्रणालीत वाचता येत होता. जुनी ठेवली तर पहिल्या पत्राचा भंग, काढली तर दुसऱ्याचा. कागदाची मूळ रजिस्टरे वरच्या कार्यालयाने सुरक्षिततेसाठी मागवून घेतली होती. ती तिथे इतकी सुरक्षित आहेत, की आजवर कोणालाही सापडलेली नाहीत.

आमचे ग्रामपंचायत अधिकारी आप्पाराव, ज्यांना गाव भाऊसाहेब म्हणते, दोन्ही पत्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून सह्या ताडून पाहू लागले.

"ताई, दोन्ही पत्रं खरी हायत. दोन्हीवर सही एकाच साहेबाची हाय. आता?"

"दोन्ही ठेवता येतात, भाऊसाहेब," मी म्हटले. "डिस्कचे दोन भाग करायचे. एकात जुनी, एकात नवी. नवी चालू असली की जुनी काढल्यातच जमा. चालू करताना यंत्रच विचारतं, कोणती हवी म्हणून. ह्याला ड्युअल बूट म्हणतात."

'बूट' या शब्दावर मासिक सभेत अर्धा तास गेला. त्याचा वृत्तान्त देत नाही. सुज्ञांनी कल्पना करावी. सरपंच मोहनराव यांना मात्र 'डिस्कचे दोन भाग' एवढेच ऐकू आले होते. त्यांच्या भावकीत वाटणीचा दावा चौदा वर्षे चालल्यामुळे या विषयात त्यांच्याएवढा जाणकार पंचक्रोशीत नाही.

"वाटणी म्हना की सरळ!" ते खुर्चीत पुढे सरकले. "थोरलीला किती, धाकटीला किती?"

"नवीला जागा जास्त लागते. तीन हिस्से नवीला, एक जुनीला."

"हे कावून? थोरली आधीपासून राबती हाय त्या जागंवर. धाकटी काल आली आन् तीन हिस्से? उंद्या थोरली कोर्टात गेली म्हंजी?"

"यंत्र कोर्टात जात नाही, सरपंच."

"माजा भाऊ बी जाणार नव्हता."

म्हणून समान वाटणी ठरली. तसा पंचनामा झाला आणि त्यात चतुःसीमा लिहिल्या गेल्या: जुन्या प्रणालीच्या पूर्वेस नवी प्रणाली, पश्चिमेस डब्याचा पत्रा, दक्षिणेस पंखा, उत्तरेस मोकळी जागा. पंच म्हणून ग्रामपंचायतीचे शिपाई हरिबा यांची सही आहे.

गुरुवारी सकाळी देवपूजा उरकून मी कामाला बसले आणि दुपारपर्यंत दोन्ही प्रणाली आपापल्या हद्दीत सुखाने बसल्या. यंत्र चालू केले. पडद्यावर दोन ओळी आल्या, वरती जुनी, खाली नवी, आणि कोपऱ्यात दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू झाली.

"आता काय करायचं?" आप्पाराव म्हणाले.

"कोणती हवी ते ठरवून कळ दाबायची."

"कोण ठरवतं?"

"जो कळ दाबेल तो."

"म्हंजी तुमी?" त्यांनी चष्मा काढला. "ताई, राग मानू नका. तुमचं पद मानधनावरचं. मानधनाच्या पदाला निर्णय घेता येत न्हाई. निर्णय सभा घेती, अंमल मी करतो, कळ तुमी दाबायची."

"दहा सेकंदांत?"

ते उत्तर देणार तोवर दहा सेकंद संपले आणि यंत्राने आपणहून नवी प्रणाली उघडली. आप्पाराव मागे सरले. "ह्यानं परस्पर निर्णय घेतला!" ते हलक्या आवाजात म्हणाले. सदर यंत्राने सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीविना निवड केल्याची नोंद त्याच दिवशी इतिवृत्तात घेण्यात आली.

पुन्हा असे होऊ नये म्हणून ठराव झाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार जुनी प्रणाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार नवी. दिवस मोडून प्रणाली बदलायची झाल्यास सभेची पूर्वमंजुरी. मला वार पाळायची सवय असल्याने यात वावगे वाटले नाही. धरलेला वार मोडू नये एवढे मलाही कळते. इथे वार यंत्राने धरला होता आणि उपास गावाला घडत होता, एवढाच फरक.

आठ जुलैला, मंगळवारी, छबुबाई आपल्या मुलीला, रोहिणीला, घेऊन आली. छबुबाई शाळेत पोषण आहार शिजवते. रोहिणी बारावी झाली होती आणि लातूरकडच्या एका नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता. आमच्या गावातून असा नंबर लागलेली ती पहिलीच. वीस ऑगस्टपर्यंत जन्माचा दाखला द्यायचा होता, आणि तोही नव्या प्रणालीतलाच, खाली ठिपक्यांचा चौकोन असलेला. नाही दिला तर जागा पुढच्या मुलीला.

"लई दिस हायत," छबुबाई म्हणाली. "पर म्हनलं आधीच यावं. न्हाईतर ऐन टायमाला तुमची धावपळ व्हईल."

त्या दिवशी नवी होती आणि नवीत जुन्या नोंदी नव्हत्या. बुधवारी जुनी उघडली. सतराशे साठ ओळींतून नोंद सापडली: रोहिणी, आईचे नाव छबुबाई, जन्म पंचवीस नोव्हेंबर दोन हजार सात, मुक्काम लिंबसावळी. छबुबाईने पडद्याला बोट लावले.

"हीच माजी. कार्तिकी पुनवंच्या दुसऱ्या दिशी झाली. रोहिणी नक्षत्र होतं, म्हनून सासूनं नाव ठिवलं."

नोंद पेनड्राइव्हवर घेतली आणि गुरुवारी नव्या प्रणालीत उघडली. तिथे नाव आले: रोहणिी.

हे कसे झाले ते सांगते. मराठीतली पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी काढतात आणि तोंडात अक्षराच्या नंतर येते. जुन्या फॉन्टने ती आधी टाइप करून ठेवलेली. नव्या प्रणालीला हा रिवाज मान्य नव्हता. त्यामुळे जुनीतून नवीत येताना प्रत्येक पहिली वेलांटी आपले अक्षर सोडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसत होती. रोहिणीच्या 'ण'वर आधीच दुसरी वेलांटी होती. तिथे आता दोघी एका खाटेवर आल्या. मी माझे नाव पाहिले. शिवगंगाचे शविगंगा झाले होते. गाव लंबिसावळी झाले होते. दुसरी वेलांटी, काना, मात्रा, सगळे आपापल्या जागी शांत होते.

"हे वाचायचं कसं?" रोहिणीने विचारले.

"वाचता येत नाही."

"मंग दुरुस्त करा की, ताई."

नव्या प्रणालीत जुन्या नोंदीला हात लावण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. नवीन नोंद करता येत होती, पण अट अशी, की अर्जदार जन्मल्याला एकवीस दिवसांपेक्षा जास्त काळ लोटलेला नसावा.

रोहिणीने बोटांवर हिशेब केला. "म्हंजी मी सतरा वर्षं लेट आले."

एक उपाय माझ्यापाशी होता. एक छोटी सोय असते. एक कळ दाबली की जुना फॉन्ट नव्यात बदलतो आणि वेलांटी जागच्या जागी राहते. मी ती रीतसर आप्पारावांच्या कानावर घातली.

"आन् कळ दाबल्यावर एखादा काना हुकला, तर जबाबदार कोण?"

"भाऊसाहेब, आत्ता सगळंच हुकलंय."

"आत्ता हुकलंय ते प्रणालीनं. तुमी दाबल्यावर हुकलं तर ते माणसानं. प्रणालीवर कारवाई होत न्हाई, ताई. माणसावर होती. वरून लेखी परवानगी घ्या, मंग खुशाल दाबा."

परवानगीचे पत्र मी शुक्रवारी टाइप केले. शुक्रवार जुनीचा. शनिवारी ते नवीतून वर पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आले: "आपली वनिंती प्राप्त झाली. वनिंती म्हणजे काय, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा. तसेच लंबिसावळी हे गाव या कार्यालयाच्या हद्दीत असल्याचा पुरावा सोबत जोडावा."

खुलासा मी मंगळवारी, नवीतच टाइप करून दिला. त्यात वेलांटीचे सगळे दुखणे समजावून सांगितले. यावेळी तो वर नीट वाचला गेला, आणि तेच आमचे चुकले. वरच्या कार्यालयाला पहिल्यांदाच कळले, की लोकांच्या नावात अशी काही वस्तू असते. आठवडा गेला आणि परिपत्रक आले. त्याचे शब्द मी मुद्दाम उतरून ठेवले आहेत: "प्रणाली अद्ययावत असल्याने तिच्यात बदल करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सबब, नागरिकांनी स्वतःमध्ये योग्य तो बदल करून घ्यावा."

अशा रीतीने गाव पहिल्या वेलांटीपासून मुक्त करण्याचे अभियान सुरू झाले. फलक रंगवायला पेंटर रामकिसन आला. त्याने 'पहिली वेलांटीमुक्त गाव अभियान' असे खडूने आखले आणि डोके खाजवत उभा राहिला.

"भाऊसाहेब, 'पहिली'त पहिली हाय. 'अभियाना'त बी हाय."

आप्पारावांनी दोन्ही शब्द तपासले. बाब खरी होती. मुक्त करणाऱ्या फलकातच बाधा असणे योग्य नव्हते. विचारविनिमय होऊन फलकावर 'एक नंबर वेलांटीमुक्त गाव मोहीम' असे आले. लोकांना ते आवडले. पुष्कळांचा असा समज झाला, की वेलांटी एक नंबर आहे.

घरोघर सर्वेक्षण झाले. दोन हजार एकशे सहा लोकसंख्येत सातशे चाळीस जण वेलांटीबाधित निघाले. बाधितांच्या दारावर पिवळी पट्टी, मुक्त घरावर हिरवी. मोहनरावांच्या घरावर हिरवी लागली. त्यांनी ती पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली.

"आमच्या घराण्यात आजपतूर एक बी पहिली वेलांटी न्हाई," ते पारावर सांगत. "पणज्यापासून बघा. मोहन, तानाजी, राम. घराणं म्हनत्यात ते हे."

"आन् तुमच्या थोरल्या सूनबाई?" कोणीतरी विचारले. "प्रियदर्शनी?"

"ती भाएरून आली," मोहनराव म्हणाले आणि विषय बदलला. पण त्या आठवड्यात सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोरीचे शिक्षण, रंग, उंची यांच्याबरोबर वेलांटीही विचारल्याचे मी स्वतः ऐकले. बारशाला ग्रामपंचायतीचा माणूस हजर राहू लागला. पाळण्याचे गाणे सुरू होण्याआधी नाव त्याच्या कानात सांगायचे; तो मान हलवी, मग आत्याने बाळाच्या कानात सांगायचे.

हरिबा पहिल्याच दिवशी हरबा झाले. शासकीय सेवक म्हणून उदाहरण घालून देणे त्यांना भाग होते. "हरभरा म्हन्ले तरी चालंल," ते म्हणाले, "पर ती पिवळी पट्टी काढा बा."

परिपत्रकात 'सार्वजनिक ठिकाणच्या सर्व पाट्या' असे शब्द असल्याने आम्ही महादेवाच्या देवळापाशी आलो. मी यादी घेऊन, हरबा शिडी धरून, रामकिसन रंग घेऊन. कमानीवर 'ॐ नमः शिवाय' आहे. रामकिसनने शिडीवर चढून फक्त वेलांटी पुसली आणि खाली उतरून मागे होऊन पाहिले.

समोरच्या किराणा दुकानातून मन्मथप्पा बाहेर आले. ते देवळाचे पंच आहेत. वय ऐंशीच्या पुढे, गळ्यात इष्टलिंग, आवाज अजून घंटेसारखा.

"काय लिवलंस, वाच की मोठ्यानं."

रामकिसन वाचू लागला. "ॐ नमः..." आणि थांबला.

"वाच! शिवातला इकार गेला की काय ऱ्हातंय? गावाला ऐकू दे!"

रामकिसन खाली बसून ब्रश पुसू लागला. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मी डोळे मिटून घेतले. परिपत्रकाविरुद्ध मी काही बोलले नाही. ओठांत जप होता, तो मात्र इकारासकट चालू होता. त्याची कुठे नोंद नाही.

आप्पाराव धावत आले. त्यांनी मन्मथप्पांना हात जोडले. "अप्पा, देवाला काय एकच नाव हाय का? शंकर हाय, महादेव हाय, सांब हाय. वेलांटी नसलेलं घेऊ. देव समजून घेतो."

"देव समजून घेतो भाऊसाहेब, म्हनून तर तुमचं चाललंय," मन्मथप्पा म्हणाले आणि दुकानात गेले. कमानीवर आता 'ॐ नमः शंकराय' आहे. मन्मथप्पा मान खाली घालून त्या कमानीखालून जातात. माझ्या स्वतःच्या नावाचा अर्जही मी पूर्ण भरून ठेवला आहे. नवे नाव शवगंगा. सही तेवढी राहिली आहे; हात रिकामा झाला की करते.

रोहिणीचे मी विसरले नव्हते. ती एक दिवसाआड खिडकीशी येऊन उभी राहायची. ऑगस्ट उजाडल्यावर मी तिला अर्ज दिला. या मोहिमेच्या अर्जात एक विशेष होते. नाव, आडनाव, जन्मतारीख, आईचे नाव, काहीही बदलता येत होते. फक्त पहिली वेलांटी टाइप होत नव्हती.

"रोहणी," तिने लिहून पाहिले. "बरं दिसतंय की."

"माय, ह्ये कुनाचं नाव?" छबुबाई म्हणाली.

"माजंच. हाक मार, मी 'ओ' देते."

छबुबाईने हाक मारून पाहिली. दोनदा मारली. दोन्ही वेळा तोंडातून रोहिणीच आले. बोलण्यात वेलांटी कुठे आहे ते दिसत नसल्याने त्यावर इलाज करता आला नाही.

बारा ऑगस्टला दाखला निघाला. रोहणी, मुक्काम लंबसावळी, खाली ठिपक्यांचा चौकोन. छबुबाईने तो देवापुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मायलेकी एसटीने कॉलेजात जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा दाखला सोबतच होता. कॉलेजचे म्हणणे, शाळेच्या दाखल्यावर रोहिणी आहे, यावर रोहणी आहे. शाळेत जन्म एक जून दोन हजार सात आहे, इथे पंचवीस नोव्हेंबर. दोन्ही कागद एकाच मुलीचे असतील तर एकसारखे करून आणा. वीस तारखेपर्यंत.

आम्ही शाळेत गेलो. मुख्याध्यापक तात्याबा गुरुजी निवृत्तीला आले आहेत. गावातली चार पिढ्यांची पोरे शाळेच्या रजिस्टरात आहेत. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, ब्लेड घेतले, वेलांटी खरवडली, वर सही केली आणि शिक्का मारला. चहा येण्याआधी रोहिणी शाळेतही रोहणी झाली.

"आता तारीख," मी म्हटले.

"तारखंला मी हात लावणार न्हाई, ताई." गुरुजी प्रथमच गंभीर झाले. "एक जून म्हंजी एक जून. समदं गाव एक जूनचं हाय. सरपंच एक जून, भाऊसाहेब तिकडं परळीकडले, ते बी एक जूनच. शाळा उघडायच्या टायमाला वय बसायला लागतंय. आईबापाला तारीख इचारली तर म्हनत्यात, मोठा पूर आलता त्या साली. पूर कुठं लिव्हायचा? म्हनून एक जून. एकीची बदलली तर उंद्या समदे येतील."

"पर मी सांगितली होती की तारीख!" छबुबाई पुढे झाली. "पोरीला शाळंत घालाया मीच आलते. कार्तिकी पुनवंचा दुसरा दिस, मी सांगितलं."

"सांगितलं असशील. कागद होता का?"

"बाळंत मी झाले, गुर्जी! मला इचारा की. रविवार होता. सकाळचं दूध तापवीत होते."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी नियमपुस्तकात पाहिले. पुराव्यांच्या यादीत शिधापत्रिका आहे, वीजबिल आहे, सरपंचाचे पत्र आहे. आई नाही.

"छबुबाई, एक जूनला ही तुझ्या पोटात होती ना?" गुरुजी समजुतीने म्हणाले. "तिसरा म्हैना का व्हईना, होती ना? मंग झालं तर. कुठंतरी होतीच की."

म्हणजे बदलायचा तो जन्माचा दाखला. वीस तारीख बुधवारी येत होती, जुनीची. नवीचा शेवटचा दिवस मंगळवार, एकोणीस. त्या दिवशी रोहिणी एकटीच आली. आई शाळेत खिचडी शिजवत होती. मी अर्ज उघडला, पंचवीस नोव्हेंबर पुसले, एक जून टाकले. आता ती रोहिणी नक्षत्रावर जन्मलेली नव्हती. नावही रोहिणी उरले नसल्याने त्यात विसंगती राहिली नाही. सगळे रकाने हिरवे झाले.

"ताई," ती म्हणाली, "ती कळ कुठली? वेलांटी जागेवर आणणारी?"

मी दाखवली.

"एवढीच? मी दाबू?"

तिचे बोट कळीच्या वर आले. खोलीत आम्ही दोघीच होतो. आप्पाराव तालुक्याला गेले होते. हरबा दारात पाठ करून बसले होते.

"परवानगी आलेली नाही," मी म्हटले.

तिने बोट मागे घेतले आणि सही केली. अक्षर सुरेख आहे तिचे. दाखला निघाला, दुसऱ्या दिवशी कॉलेजात दिला, प्रवेश झाला. छबुबाईने शाळेतल्या पोरांना शिरा केला. वरच्या कार्यालयाने आमच्या गावाला मोहिमेचे प्रशस्तिपत्र दिले आहे. ते लंबसावळी या गावाच्या नावे आल्याने पोस्टात पडून आहे.

जाताना रोहिणी पायऱ्यांवर थांबून म्हणाली, "ताई, मंग ती नोव्हेंबरची जी होती, ती?"

"ती आहे. जुन्या प्रणालीत आहे. तिला कोणी काढलेलं नाही."

"तिचा वाढदिवस कोन करणार?"

मी मनातल्या मनात नियमपुस्तक चाळले. तशी तरतूद नव्हती.

इथवर वाचताना आपल्याला आमच्या गावाचे हसू आले असेल. यंत्राच्या सोयीसाठी माणसांनी नाव बदलावे, तारीख बदलावी, आणि कोणी हूं की चूं करू नये, हे आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाला पटणार नाही. कळ दिसत असताना आपण ती दाबली असती, अशीही आपली खात्री असेल. मी ती खोडून काढत नाही. दरवर्षी एक जूनला मात्र सकाळपासून आपल्या फोनवर शुभेच्छा येतात. आपल्या नसतील तर आपल्या वडिलांच्या, नाहीतर साहेबांच्या. केक येतो, फोटो निघतो, आपण सगळ्यांना धन्यवाद कळवता. आई तेव्हा स्वयंपाकघरात असते. बाहेर टाळ्या वाजल्या की ती ओट्यापाशी थांबते आणि त्या साली एक जूनला तिला स्वतःला काय झाले होते, ते आठवून पाहते.